पाठमोरा हॉल

"डहाणूत कार्यक्रम ठरवलाय तुमचा," प्रल्हादराव फोनवर म्हणाले, तेव्हा दीप्तीला आधी वाटलं, बाबा चेष्टाच करताहेत. मुलगी काय वाजवते असं लग्नकार्यात कुणी विचारलं, की "व्हायोलिनसारखंच काहीतरी" असं सांगून विषय बदलणारे तिचे बाबा! त्यांनी कार्यक्रम ठरवला होता, आणि तोही धाकटी डहाणूत, खाडीकाठच्या मच्छीमारांच्या गावात, समाजाच्या हॉलमध्ये.

"तिथे कोण ऐकणार हे?" तिने विचारलं.

"का, त्यांना कान नाहीत? एक सांस्कृतिक मंडळ आहे, ते करतंय. पहिल्या दिवशी धाकटी डहाणू, दुसऱ्या दिवशी तलासरी. तू फक्त तुझी माणसं घेऊन ये."

दीप्ती हो म्हणाली. नाही म्हणून कसं चाललं असतं? ती आठ वर्षांची असल्यापासून दर रविवारी सकाळच्या गाडीने तिला डहाणूहून मुंबईला व्हायोलिन शिकायला नेणारे हेच बाबा होते. रेल्वेत सिग्नल खात्यात नोकरी, आठवड्याची एकच सुट्टी, आणि ती सगळी सुट्टी मास्तरांच्या जिन्यावर पेपर वाचत काढायची. पुढे तिने व्हायोलिन सोडून व्हायोला धरली तेव्हा मात्र ते नाराज झाले. व्हायोला ही व्हायोलिनची थोरली बहीण. दिसायला तशीच, पण अंगाने भरलेली आणि आवाजाने घोगरी. "पुढे बसायचं सोडून मध्ये जाऊन बसलीस," एवढंच ते म्हणाले होते, आणि त्यानंतर तिच्या एकाही कार्यक्रमाला आले नव्हते. आता निवृत्त झाल्यावर त्यांना लेकीचं वाजवणं ऐकावंसं वाटत होतं. दीप्तीने तेवढंच ऐकलं. मंडळ कुणाचं, कशाचं, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

तिची माणसं म्हणजे दोघं. व्हायोलिन वाजवणारा दर्शन आणि चेलो, म्हणजे मांडीपुढे उभं धरायचं खर्जातलं मोठं व्हायोलिन, वाजवणाऱ्या वसुमतीताई. तिघांचं मिळून एक त्रिकूट, सहा वर्षांचं. पाश्चात्त्य संगीतात चौघांचे संच पुष्कळ असतात. चौघांत एखादा चुकला तर बाकीचे तिघं झाकून घेतात. तिघांत तशी सोय नाही. प्रत्येकाचा स्वर उघडा पडतो, आणि एक जण उठला तर उरलेल्या दोघांचं काहीच होत नाही. त्यामुळे तिघांनी एकमेकांवर जीव टाकायला हवा. इथे गंमत अशी होती, की गेल्या पावसाळ्यापासून दीप्ती आणि दर्शन कामापुरतंच बोलत होते. दर्शनने तिच्या पाठीमागे दुसऱ्या एका व्हायोलावाल्याला घरी बोलावून वाजवून बघितलं होतं. वसुमतीताईंनी ते तिला सांगून टाकलं, आणि वर म्हणाल्या, "भांडा, पण तालमीची वेळ सोडून भांडा." वसुमतीताईंचं वय पन्नाशीच्या पुढे, आणि जिभेला हाड नाही ते नाहीच.

डहाणूला जातानाही गाडीत कुणी बोललं नाही. हायवे सोडून गाडी आत वळली, गाव मागे पडलं आणि खाडीचा वास आत शिरला. दीप्तीने काच खाली केली, तशी दर्शनने ती वर करायला सांगितली. बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत घातले होते. बायका ते उलटत होत्या. गाडी बघून एकेक बाई हातातलं काम टाकून सरळ उभी राहिली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तशीच बघत राहिली. कुणी हसलं नाही. गाडीमागे धावणारी पोरंसुद्धा नव्हती.

"स्वागत जोरात आहे," वसुमतीताई म्हणाल्या.

हॉलवर फलक लागला होता. त्यावर सगळ्यात वर कंपनीचं नाव, ठळक निळ्या अक्षरांत. खाली "आपला किनारा, आपली प्रगती". त्याच्याखाली तिघांचा फोटो, आणि दीप्तीच्या चेहऱ्याभोवती वेगळा गोल काढून "डहाणूची कन्या".

ही कंपनी खाडीच्या तोंडाशी मोठी जेटी बांधणार होती. दीप्ती मुंबईत राहत असली तरी एवढं तिला ठाऊक होतं. तलासरीच्या बाजूच्या टेकड्या फोडून दगड आणायचा, तो इथे समुद्रात टाकायचा, असा बेत होता. दोन वर्षं गाव त्याविरुद्ध उभं होतं. दगड जिथून निघणार तिथे एक कार्यक्रम आणि जिथे पडणार तिथे दुसरा. दीप्तीला फलकाखाली उभ्या उभ्या सगळा हिशेब लागला.

प्रल्हादराव इस्त्रीचा सदरा घालून दारातच उभे होते. छातीवर कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं.

"बाबा, हे काय आहे?"

"काय आहे म्हणजे? जनसंपर्क सल्लागार आहे मी त्यांचा. चार महिने झाले."

"मला तुम्ही मंडळ म्हणालात."

"मंडळच आहे. कंपनीचं सांस्कृतिक मंडळ." त्यांनी आवाज खाली आणला. "दीप्ती, इथे तमाशा नको. साहेब आत बसलेत. आणि दर्शनला सगळं माहीत आहे, त्याच्याशी बोलूनच ठरवलंय मी."

दीप्तीने मान वळवली. दर्शन गाडीतून व्हायोलिनची पेटी काढत होता.

"तुला माहीत होतं?"

"कंपनी मुंबईतल्या आपल्या वर्षभराच्या कार्यक्रमांचा खर्च करणार आहे," तो पेटीचा पट्टा खांद्यावर चढवत म्हणाला. "कुणीतरी करायलाच हवा ना? तुला सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस, जे आत्ता करतेयस."

"मला पण नाही सांगितलंस," वसुमतीताई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"आता यापुढे विचारत जाईन," त्या म्हणाल्या, आणि चेलोची मोठी पेटी ओढत आत गेल्या.

हॉलच्या मागे बालवाडीची खोली होती. भिंतीवर फळांची चित्रं, कोपऱ्यात रचलेल्या सतरंज्या. तिथे तिघं वाद्यं लावत बसली असताना दार ढकलून एक बाई आत आली. अंगाने मजबूत, पदर कमरेला खोचलेला, केसांत अबोलीचा गजरा. दीप्तीला ओळखायला क्षण लागला. मग ती एकदम उठली.

"जिजा!"

जिजा आणि ती दहावीपर्यंत एका बाकावर बसल्या होत्या. जिजाने तिला होडीत बसवून खाडी दाखवली होती, भरतीत हात सोडून कसं तरंगायचं ते शिकवलं होतं. बारा-पंधरा वर्षांत भेट नव्हती. दीप्ती पुढे झाली, पण जिजा जागची हलली नाही, तेव्हा पुढे केलेले हात तिने मागे घेतले.

"खरंच तूच आहेस," जिजा म्हणाली. "मी बायकांना सांगत होते, नावाची दुसरी कोणी असेल. आपली दीप्ती नाही यायची असल्या कामाला."

"मला माहीत नव्हतं गं. शपथ. आत्ता दारात फलक बघितला तेव्हा कळलं."

"बरं. मग आता कळलं ना?"

दीप्तीने दर्शनकडे बघितलं.

"आता कळलं ना?" जिजाने पुन्हा विचारलं. "मग उचल ती पेटी आणि चल. मी पोचवते तुला नाक्यापर्यंत."

"एक्स्क्यूज मी," दर्शन मध्ये पडला, "आम्हाला पंधरा मिनिटांत स्टेजवर जायचंय."

जिजाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुझे बाबा गेला महिनाभर आमच्या दारोदार फिरताहेत," ती दीप्तीला म्हणाली. "हात जोडून. मला म्हणाले, जिजाताई, आमची मुलगी वाजवणार आहे, बायकांना घेऊन या. जिजाताई! आपण शाळेत होतो तेव्हा मी तुझ्या घरी आले की मला पायरीवर बसवायचे. मासळीचा वास येतो म्हणून. पाणी पण बाहेर यायचं. तुला आठवतं का?"

दीप्तीला आठवत होतं. पाणी तीच बाहेर आणून द्यायची.

"तेव्हा पण तुला माहीत नव्हतं?" जिजा म्हणाली, आणि दार उघडं टाकून गेली.

दीप्ती खाली बसली. "मी वाजवणार नाही," ती म्हणाली.

"शहाणी आहेस का?" दर्शनचा आवाज चढला. "ती कोण बाई येते, दोन टोमणे मारते, आणि तू उठणार? मी करार केलाय."

"माझ्या नावावर केलायस. माझ्या चेहऱ्याला गोल काढलाय तिथे."

"मग ऊठ. ऊठ आणि जा. व्हायोला वाजवणारे दुसरे आहेत."

"आहेत ना? मग आण आत्ता त्याला!"

वसुमतीताई चेलोच्या खुंट्या पिळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दीप्ती, तू उठलीस तर मी पण उठेन. बसलीस तर बसेन. पण ठरव. असं अर्धवट बसून वाजवता येत नाही."

तेवढ्यात प्रल्हादराव दारात आले. त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं. एरवी ते रागावले असते, पण आता त्यांचा चेहरा उतरला होता. चष्मा काढून ते तो सदऱ्याच्या टोकाने पुसू लागले.

"निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही, दीप्ती. ह्या लोकांनी विचारलं. आणि जेटी आली तर इथल्या पोरांना काम मिळेल, असं मला मनापासून वाटतं. तुला पटत नसेल तर नसू दे." ते थांबले. "मी तुझ्यासाठी जिन्यावर बसलो वर्षानुवर्षं. तू माझ्यासाठी एक संध्याकाळ बस."

दीप्तीने व्हायोला उचलली. वसुमतीताईंनी एक सुस्कारा सोडला, तो कुणाला उद्देशून होता ते त्यांचं त्यांनाच माहीत.

स्टेजवर गेल्यावर तिला आश्चर्यच वाटलं. हॉल गच्च भरला होता. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगांत सगळ्या बायकाच बायका. पुरुष एकही नाही, पुढच्या सोफ्यावर बसलेले कंपनीचे चौघे सोडले तर. मधल्या सोफ्यावर कंपनीचे साहेब, गोरेगोमटे, गुडघ्यावर हात ठेवून प्रसन्न बसलेले. प्रल्हादराव आवाजाच्या पेटीपाशी माइक घेऊन उभे होते. फोटोग्राफर स्टेजसमोर उकिडवा बसला होता.

प्रल्हादरावांनी तिघांची नावं सांगितली. नाव घेताना दीप्तीच्या नावाशी त्यांचा आवाज किंचित कापला. कंपनीच्या चौघांनी टाळ्या वाजवल्या. दर्शनने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि मान हलवून इशारा देणार, तेवढ्यात मधल्या रांगेतून जिजा उठली. तिने आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि स्टेजकडे पाठ करून बसली.

मग तिच्या शेजारची. मग मागची रांग. खुर्च्यांचे पाय फरशीवर खरवडत होते, आणि तो आवाज हॉलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. म्हाताऱ्या नवशीबायला वाकता येत नव्हतं, म्हणून तिला दोघींनी खुर्चीसकट फिरवली. कुणी एक शब्द बोललं नाही. शेवटची खुर्ची फिरली तेव्हा समोर फक्त पाठी, अंबाडे आणि गजरे उरले.

साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आता ते ओठांवरच होतं.

"सुरू करा," प्रल्हादराव बारीक आवाजात म्हणाले.

दर्शनने सुरुवात केली. पहिली रचना व्हिएन्नाच्या एका संगीतकाराची, अगदी हसरी, बागेतल्या मेजवानीसाठी लिहिल्यासारखी. त्या हॉलमध्ये ती कानफटात मारल्यासारखी वाजली. दीप्तीला आपला प्रत्येक स्वर नको इतका ऐकू येत होता. एरवी मैफलीत कुणी खोकतं, कुणी पान उलटतं, कुणाचा मोबाइल वाजतो. इथे काहीच नाही. इतक्या शांततेत तिने कधी वाजवलं नव्हतं. पण ही शांतता ऐकणाऱ्यांची नव्हती. बायका वाट बघत होत्या, दाताच्या डॉक्टरचं काम संपायची वाट बघावी तशी.

पहिला भाग संपला. टाळी नाही. दर्शनच्या कपाळावर घाम आला होता. दुसऱ्या भागात त्याने लय वाढवली, ठरल्यापेक्षा खूपच. लवकर संपवून मोकळं व्हायचं होतं त्याला. वसुमतीताईंनी त्याला चेलोने मागे ओढलं, तो ओढला गेला नाही. दीप्ती दोघांच्या मध्ये. तिला वाटलं असतं तर ती त्याच्याबरोबर पळाली असती. पण सहा महिन्यांचा राग एकदम वर आला आणि तिने गज असा दाबून ओढला, की व्हायोलाचा घोगरा स्वर व्हायोलिनवर चढून बसला. दर्शनने डोळे वटारले. ती त्याच्याकडेच बघत होती. पुढची काही पानं ती दोघं एकमेकांवर तुटून पडल्यासारखी वाजवत होती. वसुमतीताई खालून ठोके देत राहिल्या. ह्या तिघांनी असं कधी वाजवलं नव्हतं. चांगलं होतं की वाईट, हे सांगायला हॉलमध्ये कुणी तोंड करून बसलेलं नव्हतं.

फोटोग्राफर मात्र पेचात पडला होता. स्टेजवरून फोटो काढला तर पाठी येत होत्या. म्हणून तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथून बायकांचे चेहरे दिसत होते. त्याने कॅमेरा उचलला आणि सगळ्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. तो खाली ठेवला की पदर खाली. पुन्हा उचलला की पुन्हा वर. शेवटी कंटाळून तो परत स्टेजपाशी आला आणि तिघांचेच फोटो काढू लागला.

रचना संपली. मध्यंतर व्हायच्या आत साहेब उठले आणि त्यांनी प्रल्हादरावांच्या हातातून माइक घेतला. माणूस अनुभवी होता. पाठींशी बोलायचीसुद्धा त्याला सवय असावी.

"भगिनींनो," तो म्हणाला, "तुमची नाराजी आम्ही समजतो. पण आज तुमच्याच मातीतली मुलगी इथे आली आहे. दीप्तीताई मुंबईत नाव काढतात, पण गावाला विसरल्या नाहीत. ह्या किनाऱ्याची प्रगती व्हावी असं त्यांनाही वाटतं, म्हणून त्या आपणहून आल्या. त्यांच्याच तोंडून ऐका." आणि त्याने माइक तिच्या हातात दिला.

दीप्तीने बाबांकडे बघितलं. प्रल्हादरावांनी हलकेच मान हलवली, म्हणजे, बोल, दोन शब्द बोल, मोकळी हो. लहानपणी परीक्षकांसमोर उभं करताना ते अशीच मान हलवायचे.

ती उभी राहिली.

"मी आपणहून आलेली नाही," ती म्हणाली. "हा कार्यक्रम कंपनीचा आहे हे मला आज दुपारी, बाहेरचा फलक बघून कळलं. माझं नाव मला न विचारता घातलंय. मी जेटीच्या बाजूने..."

माइक बंद पडला. प्रल्हादरावांनी पेटीचं बटण दाबलं होतं. त्यांचं बोट अजून बटणावरच होतं.

"मी जेटीच्या बाजूने आलेली नाही," दीप्तीने माइकशिवाय सांगितलं. एवढ्या शांततेत माइकची गरजही नव्हती.

तिला वाटलं, आता कुणीतरी वळेल. कुणी वळलं नाही. मग मधल्या रांगेतून जिजाचा आवाज आला, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखा.

"मग दुपारीच का नाही उठलीस?"

दीप्तीचे गाल तापले. बाबांसाठी, असं सांगता आलं असतं. पण त्या बायकांना तिच्या बाबांचं काय?

तिने माइक खुर्चीवर ठेवला, व्हायोला पेटीत ठेवली आणि कड्या लावल्या. वसुमतीताई आधीच चेलो गुंडाळत होत्या.

"अजून मध्यंतरानंतरचा भाग आहे," दर्शन दातओठ खात म्हणाला.

"एकट्याने वाजव," वसुमतीताई म्हणाल्या.

साहेब प्रल्हादरावांना काहीतरी बोलत होते, हळू आणि भराभर, आणि प्रल्हादराव शाळकरी पोरासारखे मान खाली घालून उभे होते. जिजा उठली. तिच्यामागे सगळ्या बायका उठल्या. "हॉल समाजाचा आहे," ती मोठ्याने म्हणाली. "झाडून घ्यायचाय. तुम्ही निघा आता."

बाहेर आणखी एक प्रकार झाला होता. गल्लीच्या तोंडाशी पुरुषांनी एक होडी आडवी आणून ठेवली होती. चांगली मोठी, रंगवायला काढलेली. शेजारी ते विड्या ओढत बसले होते. कंपनीच्या दोन्ही गाड्या आणि त्रिकुटाची गाडी आत अडकली होती.

"होडी काढा," ड्रायव्हर म्हणाला.

"रंग ओला हाय," त्यांच्यातला एक म्हणाला. "उद्या सकाळी सुकंल."

साहेबांनी फोन लावला. कुणाला लावला, कुणी आलं का, हे बघायला दीप्ती थांबली नाही. तिने चेलोच्या पेटीचं एक टोक धरलं, वसुमतीताईंनी दुसरं, आणि दोघी होडीला वळसा घालून गल्लीतून चालू लागल्या. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी वाटही मोकळी केली नाही. माणसांच्या मधून, अंग चोरून जावं लागलं. एका ठिकाणी कुणीतरी पचकन थुंकलं. दीप्तीच्या चपलेपाशी पडलं. ती थांबली नाही.

दर्शनने त्यांना नाक्यावर गाठलं. "उद्या तलासरी आहे," तो धापा टाकत म्हणाला. "झालं ते झालं. तिथे असलं काही करू नकोस."

"मी तलासरीला येणार नाही."

"मग आपण संपलो."

"आपण पावसाळ्यातच संपलो होतो, दर्शन. तेव्हा तू सांगितलं नाहीस. आज मी सांगतेय."

तो शिव्या देत परत गाडीकडे गेला. वसुमतीताई पेटीवर टेकून उभ्या होत्या. "सहा वर्षं," त्या म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.

प्रल्हादरावांना दीप्ती भेटली ती स्टेशनवर. ते तिला शोधत आले होते. ओळखपत्र अजून गळ्यात होतं.

"माझी अब्रू घालवलीस," ते म्हणाले.

"तुम्ही बटण दाबलंत बाबा."

"मग काय करणार होतो? तू माझ्या तोंडावर..."

"मी पहिल्यांदा तुमच्यासमोर काहीतरी माझ्या मनचं बोलले. आणि तुम्ही बटण दाबलंत."

वर्षानुवर्षं ह्याच प्लॅटफॉर्मवर प्रल्हादरावांनी तिचं बोट धरलं होतं, हे दोघांनाही आठवत असणार, पण त्याबद्दल कुणीच बोललं नाही. गाडी आली. दीप्ती चढली. त्यांनी हात हलवला नाही आणि तिनेही नाही.

पुढचे दोन महिने ती मुंबईत शिकवण्या करत राहिली. बाबांचा फोन नाही. दर्शनने नव्या व्हायोलावाल्याबरोबर त्रिकूट पुन्हा उभं केलं, वसुमतीताईंच्या जागीही कुणीतरी आणलं. मग एके दिवशी तिच्या मोबाइलवर जिजाकडून एक फोटो आला. खाली मजकूर काही नाही. कंपनीचं पत्रक होतं. त्यावर दीप्ती वाजवतेय, डोळे मिटलेले, आणि खाली छापलं होतं, "डहाणूच्या कन्येच्या वादनाला धाकटी डहाणूच्या महिलांची भरभरून दाद". पाठी कुठेच दिसत नव्हत्या. पत्रकाच्या कोपऱ्यात जनसुनावणीची तारीख होती.

दीप्तीने त्या रात्री काही ठरवलं नाही. सकाळी उठून तिने तिकीट काढलं.

जनसुनावणी डहाणूबाहेरच्या एका मैदानावर, मंडपात होती. उन्हाने मंडप तापला होता, पोलीस दोन्ही बाजूंना. एका अंगाला कंपनीची माणसं, दुसऱ्या अंगाला गावं: धाकटी डहाणू, वरोर, आणि ट्रक करून आलेले तलासरीकडच्या पाड्यांवरचे लोक. पहिल्या रांगेत कंपनीच्या बाजूला प्रल्हादराव बसले होते. दोन महिन्यांपूर्वीपेक्षा थकलेले. दीप्तीला बघून त्यांनी पुढ्यातलं पत्रक उलटं ठेवलं.

बोलणाऱ्यांच्या रांगेत ती उभी राहिली. पुढच्या माणसांना ऐकताना पाय भरून आले. नंबर आला तेव्हा अधिकाऱ्याने नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही बाधित गावातल्या?"

"नाही."

"तुमची होडी, जमीन, काही?"

"नाही. माझा फोटो आहे."

मंडपात कुणीतरी हसलं. दीप्तीने पत्रक उंच धरलं. "ह्यात लिहिलंय की बायकांनी दाद दिली. कोणीही दाद दिली नाही. सगळ्या बायका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ करून बसल्या होत्या. मी स्टेजवर होते, मी बघितलंय. एवढं नोंदवून घ्या."

"दुसरं काही?"

"मला दुपारी कळलं होतं तरी मी वाजवलं. तेही घ्या."

अधिकाऱ्याने लिहिलं की नाही, तिला दिसलं नाही. कंपनीच्या बाजूने आवाज उठले, "पैसे खाऊन आली," कुणीतरी ओरडलं. तिने बाबांकडे बघितलं. प्रल्हादराव समोर बघत होते, ओठ घट्ट मिटून. ओरडणाऱ्या माणसाकडे त्यांनी वळून एकदा रागाने बघितलं, एवढं खरं. तिच्याकडे बघितलं नाही.

माइकपासून बाजूला झाल्यावर कुठे जायचं ते तिला कळेना. कंपनीच्या बाजूला जाणं शक्य नव्हतं. गावांच्या बाजूला खुर्च्या नव्हत्या, बायका ताडपत्रीवर दाटीवाटीने बसल्या होत्या. नवशीबायने तिला ओळखलं आणि तोंड फिरवलं. जिजा कडेला बसली होती, मांडीवर पाण्याची बाटली. तिने दीप्तीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फोटो पाठवला म्हणून आलीस?"

"हो."

"नसता पाठवला तर?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

जिजाने बाटलीतून एक घोट घेतला. पाणी तिने पुढे केलं नाही, आणि सरकलीही नाही. फक्त हनुवटीने ताडपत्रीच्या टोकाकडे खूण केली.

"मागे बस. तिकडे ऊन आहे, पण जागा आहे."

दीप्ती बायकांच्या पायांवर पाय पडू न देता मागे गेली आणि उन्हात बसली. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं होतं. तलासरीकडचा एक म्हातारा माइकपाशी उभा राहून आपल्या टेकडीचं नाव सांगत होता.